आत्तीचा खोकला

माझं आडनाव ब्रदर नाही. दवाखान्यात नर्सबाईंना सिस्टर म्हणतात म्हणून पुरुष नर्सला ब्रदर म्हणायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात अख्खी नोकरी काढल्यावर खरं आडनाव माझं मलाच परकं वाटायला लागलं होतं. पन्हाळ्याकडच्या एका आजोबांनी नातवाच्या जावळाचं बोलावणं धाडलं, त्यावर चक्क ‘श्री. व सौ. ब्रदर’ असं लिहिलं होतं. आमच्या सौभाग्यवती दोन दिवस हसत होत्या. पोरं मात्र मला ब्रदरमामा म्हणायची. ते मला आवडायचं.

आता निवृत्त झालोय. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो. तिथली मंडळी विचारतात, पोरांच्या वॉर्डात पुरुषमाणसाचं काय काम हो? मी सांगतो, नाकात नळ्या घालायचं. ते हसतात. मी थट्टा करत नसतो.

मोठ्या माणसाला टीबीची शंका आली की त्याच्या हातात डबी देतात आणि खोकून बेडका काढायला सांगतात. लहान पोराला थुंकता येत नाही. खोकल्यासरशी जे वर येतं ते पोर गिळून टाकतं. म्हणजे आम्हाला जे तपासायला हवं, ते त्याच्या पोटात. ते काढायचं तर पहाटे, पोर अंथरुणातून उठायच्या आत, उपाशीपोटी, नाकातून बारीक नळी पोटापर्यंत सोडायची आणि सिरिंजनं थोडं पाणी ओढून घ्यायचं. त्यातही जंतू थोडेच. सापडले तर सापडले. एक्स-रेत बघावं तर नुसता धूर दिसतो. वजन वाढत नाही, संध्याकाळी अंग कोमट लागतं, पोर खेळता खेळता मध्येच बसून घेतं, पण हे कितीतरी दुखण्यांत होतं. म्हणून लहान मुलांचा टीबी ओळखायला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

आणि आमच्याकडं सगळ्याचीच ओढाताण. एका कॉटवर दोन पोरं, एकाचं डोकं इकडं तर दुसऱ्याचं तिकडं. एक्स-रेचं मशीन रुसलं की पोराला खांद्यावर टाकून मोठ्यांच्या इमारतीत न्यायचं. बारीक नळ्या संपल्या की तान्ह्या बाळांच्या कक्षातून मागून आणायच्या. तिथल्या सिस्टर मला लांबून येताना बघूनच कपाटाला कुलूप लावायच्या. मी तिथंच स्टुलावर बसून राहायचो. शेवटी नळी मिळायची.

अशीच मागून आणलेली एक नळी आराध्यासाठी वापरली होती. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

आराध्या कबनूरची. पाच वर्षांची असेल, पण दिसायची तीनची. बाप महेश यंत्रमागावर कामाला, आई तिथंच कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे मागाला लागणारं सूत जिच्यावर गुंडाळतात ती नळी. घरी सहा महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ होतं, म्हणून आईला दवाखान्यात राहता येईना. आराध्याजवळ राहिली तिची आज्जी, महेशची आई. ठसठशीत कुंकवासारखी विभूती लावणारी, नातीशी अर्धं कानडीत आणि अर्धं मराठीत बोलणारी, आवाजानं अख्खा वॉर्ड जागा ठेवणारी बाई.

आमच्या मॅडम, म्हणजे वॉर्डच्या डॉक्टर, वयानं लहान पण फार निगुतीनं तपासायच्या. त्यांनी आराध्याच्या मानेतली गाठ चाचपली, एक्स-रे दोनदा उजेडात धरला आणि मला म्हणाल्या, “ब्रदर, उद्या पहाटे पाणी काढू या.”

मी आज्जीला बजावलं की सकाळी हिला काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पहाटे नळी घेऊन गेलो तर आराध्याच्या ओठाला बिस्किटाचा चुरा.

“आज्जी, काय दिलं?”

“काय न्हाई. च्याचा एक घोट. आन त्यात बुडवून एक बिस्कुट. उपाशी पोराच्या नाकात नळी घालाय तुमाला बरं वाटतंय व्हय?”

तो दिवस गेला. दुसऱ्या पहाटे मी आज्जीलाच आधी बाहेर चहा पाजला आणि मग आत आलो.

आराध्या जागी होती, पण उठली नव्हती. तिच्या कुशीत एक रिकामी कांडी होती, तिला मागावरची चिंधी गुंडाळून बाहुली केलेली. चिंधीवर पेनानं डोळे काढले होते.

“ही कोण?”

“माझी पोरगी.”

“कुणी करून दिली?”

“आत्तीनं.”

आत्ती म्हणजे आत्या. मी म्हटलं, आधी तुझ्या पोरीला नळी घालू. तिनं विचार केला आणि बाहुली पुढं केली. बाहुलीला नाक नव्हतं, तर आराध्यानं बोट ठेवून जागा दाखवली. मग तिची पाळी आली. रडली, पण हात मध्ये आणला नाही. नळी पोटात पोचली तेव्हा माझा शर्ट तिनं मुठीत घट्ट धरलेला होता. ओढलेलं पाणी मी स्वतः तपासणीला नेऊन दिलं. असली कामं दुसऱ्यावर सोडवत नाहीत.

पाण्यात जंतू सापडले. नेहमीच्या औषधांनी मरणारे होते, हे नशीब. औषध सुरू झालं. हल्ली लहान मुलांची गोळी पाण्यात विरघळते आणि गोड लागते. पूर्वी आम्ही मोठ्यांच्या गोळ्यांचे तुकडे करून, कुटून, साखरेत कालवून द्यायचो आणि पोरं ते आमच्याच अंगावर थुंकायची. गोळी गोड झाली, हा माझ्या नोकरीतला मोठा आनंद. तुम्हाला गंमत वाटेल.

पण औषध सुरू झालं म्हणजे काम संपलं असं नसतं. एवढ्या लहान पोराला टीबी होतो तो जवळच्या कुणातरी मोठ्या माणसाकडून. जो खोकतो आणि पोराला जवळ घेतो, त्याच्याकडून. ते माणूस सापडलं नाही तर घरातल्या बाकीच्या पोरांचं काय? आणि आराध्याच्या घरी पाळण्यात बाळ होतं.

बाळ म्हटलं की मला बसू नावाचा पोरगा आठवतो. कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावातला, दीड वर्षाचा. त्याचं नुसत्या उलट्यांवरच औषधपाणी चाललं होतं, आणि आमच्याकडं आणला तेव्हा शुद्धीत नव्हता. टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. लहान बाळांत तो असा चटकन वर चढतो. घरात चुलता बरेच महिने खोकत होता, ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. बसू जगला. पण त्याला ऐकू येत नाही आणि एक पाय ओढतो. त्याची आई अजून वर्षातून एकदा त्याला घेऊन मला भेटायला येते, आणि तो माझ्या खिशातलं पेन काढून घेऊन हसतो. तो हसला की मला बरंही वाटतं आणि वाईटही वाटतं.

म्हणून मॅडमनी आराध्याच्या घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं. महेश आला, आई आली, आज्जी तर होतीच. तिघंही स्वच्छ. बाळाला मात्र आईनं आणलं नव्हतं.

“ते आता कुणाजवळ आहे?” मी विचारलं.

आईनं आज्जीकडं बघितलं. आज्जी म्हणाली, “शेजारणीजवळ ठेवलंय.”

“घरात अजून कोण असतं?”

“कोण न्हाई.”

महेश खाली बघत होता. मी पुढं ताणलं नाही.

दुपारी आज्जी कपडे धुवायला गेली तेव्हा मी आराध्याला गोळी विरघळवून देत होतो. सहज विचारलं, “घरी रात्री कुणाजवळ झोपतेस गं?”

“आत्तीजवळ झोपतो.” आमच्या भागातल्या मुलीबाळी ‘झोपतो, जातो’ असंच बोलतात. “मी भिंतीकडं आणि आत्ती इकडं. आत्ती गाणं म्हणती. पण मधीच खोकला येतोय, मग ऱ्हातंय गाणं.”

मी पेला खाली ठेवला.

“पर ते कुणाला सांगायचं न्हाई,” ती म्हणाली. “आज्जीनं सांगितलंय. आत्तीचं लगीन हाय.”

आज्जी परत आली तेव्हा मी तिला व्हरांड्यात घेऊन गेलो. काही बोलायच्या आधीच तिला कळलं. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण आवाज पार खाली आला.

“ब्रदर, पाया पडतो तुमच्या. पोरीची जात हाय. जयसिंगपूरचं चांगलं घर मिळालंय. पोरगं कागलच्या एमआयडीसीत पर्मनंट हाय. हे कळलं तर मोडंल सगळं. आन परत कोण करणार तिला? गुपचूप औषध द्या, मी पाजतो घरी.”

“तपासल्याशिवाय औषध कसं देणार, आज्जी? आणि बाळ कुणाजवळ आहे खरंखरं?”

तिनं पदर डोळ्यांना लावला.

“दीपाजवळच हाय,” शेवटी म्हणाली. दीपा म्हणजेच आराध्याची आत्ती.

मी तिला बसूबद्दल सांगितलं. घाबरवायला नाही, जसं झालं तसं. ती ऐकत राहिली. मग आपणहोऊन म्हणाली, “माझा फोन लावून द्या महेशला. मला ते बारकं आकडं दिसत न्हाईत.”

महेशनं दुसऱ्या दिवशी बहिणीला मोटारसायकलवर आणलं. मागं बाळाला घेऊन त्याची बायको एसटीनं आली. महेश मला एवढंच म्हणाला, “दिवसभर मागाचा खडखडाट असतोय, ब्रदर. घरी आल्यावरबी कानात तेच. ही खोकतीया ते मला खरंच कळलं न्हाई.”

दीपा विशीतली, सडपातळ, तोंडाला ओढणी. वॉर्डात यायला तयार होईना. आवारातल्या झाडाखालच्या बाकावर बसली. मी डबी दिली, कशी वापरायची ते सांगितलं. तिनं डबी हातात फिरवली आणि विचारलं, “माझ्यामुळं झालं व्हय आरूला?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. खोटं बोलायचं नव्हतं.

“तुझ्याकडनं गेलं असणार,” मी म्हटलं. “पण तुला तरी माहीत होतं काय? तू तिला जवळ घेतलंस, गाणी म्हटलीस. ते काय वाईट केलंस?”

ती रडली नाही. म्हणाली, “मला वाटलं सुताचा खोकला हाय. आमच्या गल्लीत सगळीच खोकत्यात. लगीन ठरल्यावर आई म्हणाली गप बस, लग्नानंतर बघू. मी गप बसलो.”

तिच्या बेडक्यात जंतू निघाले. बाळाला मॅडमनी नीट तपासलं, ते ठीक होतं. त्याला आजार होऊ नये म्हणून आधीच औषध सुरू केलं. त्या दिवशी मी घरी जाताना बऱ्याच दिवसांनी रस्त्यात थांबून भजी खाल्ली.

दीपाचं औषध सुरू झालं. पण पहिले काही आठवडे पोरांपासून लांब राहायचं होतं. ती घरी माडीवर एकटी राहू लागली, तोंडाला मास्क लावून. हे सगळं मोठ्यांना समजतं, पाच वर्षांच्या पोरीला कसं समजवायचं? आराध्याला एवढंच कळलं की तिनं ब्रदरमामाला सांगू नये ते सांगितलं आणि तेव्हापासून आत्ती भेटायची बंद झाली. तिनं खाणं सोडलं. गोळीचा पेला तोंडाजवळ नेला की ओठ मिटून घ्यायची. आज्जी कानडीतून लाडीगोडी लावायची, मराठीतून रागवायची, काही चालेना.

मी मॅडमना विचारलं, खालच्या आवारात, मोकळ्या हवेत दीपा उभी राहिली आणि पोर वर खिडकीत राहिलं तर काय हरकत? मॅडम म्हणाल्या, काहीच नाही, उलट बोलवाच.

महेश कामाची पाळी बदलून दीपाला घेऊन आला. आराध्याची कॉट पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळच होती. मी तिला उचलून गजांशी उभं केलं. खाली झाडाजवळ दीपा. मास्कमुळं नुसते डोळे दिसत होते, तरी आराध्यानं लगेच ओळखलं.

“वर ये,” ती ओरडली.

“येतो. पर माझा खोकला जाऊ दे आधी,” दीपा खालून म्हणाली. “मलाबी गोळ्या दिल्यात. तुझ्यापेक्षा मोठ्या. कडू हायत.”

“बघू.”

दीपानं गोळ्या हातावर घेऊन वर दाखवल्या. मग जरा बाजूला वळून मास्क खाली केला, पाण्याच्या बाटलीतून त्या गिळल्या आणि तोंड वाकडं केलं. आराध्या हसली. वॉर्डात आल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मग तिनं माझ्या हातातला पेला घेतला आणि सगळा प्याली, आणि रिकामा पेला गजातून खाली दाखवला.

महेशला जमेल त्या दिवशी हे चालायचं. बाकीच्या दिवशी फोनवर. आसपासच्या कॉटवरच्या बायका त्या वेळेला खिडकीशी जमायच्या. आज्जी सगळ्यांना सांगायची, “तिला साधा खोकला हाय.” कुणी काही विचारायचं नाही.

एक दिवस गोळ्या झाल्यावर दीपानं मला हातानं खाली बोलावलं. म्हणाली, “मी विनायकला सांगितलं.” विनायक म्हणजे तिचा होणारा नवरा. “फोनवर सांगितलं. आई बोलत न्हाई माझ्याशी तवापास्नं.”

“त्यानं काय म्हटलं?”

“बघतो म्हणाला. तुमच्याकडं येईल कदाचित. आला तर सगळं सांगा त्याला. काही लपवू नका.”

तो आला. कंपनीच्या निळ्या ड्रेसमध्येच, पाळी सुटल्यावर थेट. दारात घुटमळत होता. मी बाहेर गेलो.

“सर, बरं होतंय काय हे?” त्यानं विचारलं.

“औषध मध्ये न सोडता घेतलं तर होतं. सहा महिने.”

“आन पुढं? पोरंबाळं?”

“सगळं नीट होतं. तिच्यासारख्या कितीतरी मुली औषध पुरं करून संसार करतायत. तुम्हाला सांगून औषध घेतीया ती, एवढं बघा.”

तो मान हलवत राहिला. दारातून आराध्याकडं बघितलं, तिला हात केला आणि गेला. मग बरेच दिवस काहीच नाही. फोन नाही, निरोप नाही. दीपा खाली यायची, गोळ्या घ्यायची, वर बघून हसायची. पण आता डोळेच दिसत असल्यामुळं ते हसणं कसलं आहे हे मला कळायचं. आराध्याचं वजन वाढायला लागलं होतं. मला त्याचा आनंद धड घेता येत नव्हता.

आणि एका दुपारी जयसिंगपूरहून एक बाई आल्या. इरकल साडी, हातात फळांची पिशवी, चेहरा करारी. आज्जी त्यांना बघून उभीच राहिली आणि पदर सावरायलाही विसरली. त्या विनायकच्या आई होत्या. लग्न मोडल्याचं सांगायला आल्यात असं तिला वाटलं. मलाही तेच वाटलं.

त्या कॉटवर टेकल्या. आराध्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “हीच व्हय?” म्हणाल्या. मग कुणाकडंही न बघता बोलायला लागल्या.

“माझ्या थोरल्या जावेला हेच दुखणं झालतं. आमच्या घरात तवा सासूचं राज्य. तिचं ताट वेगळं केलं, भांडं वेगळं केलं, मग माहेरी पोचवली. पोरगी दोन वर्षांची होती तिची, ती आमी ठेवून घेतली. औषध केलं का न्हाई, कुणी विचारलं न्हाई. मीबी न्हाई विचारलं. ती काय परत आली न्हाई. माहेरीच वारली.”

त्यांनी फळांची पिशवी कॉटवर ठेवली.

“विनायक म्हणाला, आई, तू सांगशील तसं. मी चार रात्री इचार केला. एका घरात दोनदा तेच करायचं न्हाई.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “ब्रदर, गोळ्या कवा संपणार?”

मी महिना सांगितला.

“मग त्याच्या पुढची तिथी धरू. पर मधी एक दिवस जरी चुकवली तर मी ऐकून घेणार न्हाई, सांगा तिला.” आणि आज्जीला म्हणाल्या, “बसा की पावणं, उभ्या का?”

आज्जी बसली आणि त्या बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी औषधांच्या ट्रॉलीकडं गेलो. तिथं माझं काही काम नव्हतं.

सगळं असंच जुळून येत नाही. लग्नं मोडलेली मी बघितली आहेत, गोळ्या अर्ध्यावर सोडून गाव बदललेले बाप बघितले आहेत, आणि नळी घालूनही ज्यांचं काही सापडलं नाही आणि जी हाताला लागली नाहीत, अशी पोरंही. त्यांची नावं मला येतात. पण दिवाळीच्या अंकात लिहायचं म्हटल्यावर मला हीच गोष्ट आधी आठवली.

दीपानं गोळ्या पुऱ्या केल्या. सासू होणारी बाई दर रविवारी फोन करून विचारायची, म्हणे. आराध्याचं औषधही संपलं. बाळ चालायला लागलं. लग्न जयसिंगपूरलाच झालं आणि आम्ही दोघं नवराबायको गेलो. आराध्या परकर-पोलक्यात, गाल भरलेले, सगळ्यांच्या पायांत पळत होती. ओळखलीच नाही मी आधी.

पाठवणीच्या वेळी दीपा रडायला लागली, आज्जी रडायला लागली, आणि आराध्याचा चेहरा एकदम उतरला. गर्दीतून वाट काढत ती माझ्यापाशी आली आणि माझी बाही ओढली.

“मामा, आत्तीला परत खोकला आला काय?”

“नाही गं. का?”

“मग परत लांब का चाललीया?”

विनायकच्या आई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. वाकून तिच्या तोंडासमोर तोंड आणलं.

“तुला कोण म्हणालं लांब चाललीया? नवरीबरोबर माहेरचं एक माणूस जातंय, पाठराखीण म्हणत्यात तिला. तुमच्यातनं कोण येणार हाय, अजून ठरलं न्हाई. तू येतीस?”

आराध्यानं आईकडं बघितलं, मग आज्जीकडं. आज्जीनं डोळे पुसत मान हलवली.

तिला उचलून गाडीत दीपाच्या मांडीवर ठेवली. दीपानं तिला शालूसकट कवेत घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. गाडी हलली तशी आराध्यानं खिडकीतून हात बाहेर काढला.

“मामा, मीबी चाललो,” ती म्हणाली.